कयाधूची नणंद

परभणी
१६ मार्च २०२५

ती. वन्संना साष्टांग नमस्कार. गुडघ्यामुळे हल्ली तो मनातल्या मनात घालते, तरी पोचला असं समजा.

पत्र पाहून दचकू नका, इकडे सगळे सुखरूप आहेत. फोनच केला असता, पण तुमचा फोन नागेशच्या दुकानात असतो आणि नागेश तो स्पीकरवर टाकतो. गेल्या वेळी तुम्ही मायेनं माझ्या पोटाची चौकशी केलीत ती दुकानातल्या गिऱ्हाइकांनीही ऐकली. एकाने तर इसबगोल घ्या म्हणून सुचवलं. तेव्हापासून ठरवलंय की महत्त्वाचं असेल ते पत्राने.

तर महत्त्वाचं असं. परवा होळीत पोळी टाकायला खाली गेले. पोरं बोंबा मारत होती, मी ताट पुढे केलं आणि मनात आलं, ही होलिका म्हणजे हिरण्यकश्यपूची बहीण. म्हणजे प्रल्हादाच्या आईची, कयाधूची, सख्खी नणंद. एकतीस वर्षं मी शाळेत मुलांना ही गोष्ट सांगितली आणि हे नातं मला बासष्टाव्या वर्षी उमगलं. माझ्या हातात पुरणपोळी आणि समोर जळणारी नणंद. तुमची फार आठवण आली. वाईट अर्थाने घेऊ नका.

मग घरी येऊन कयाधूचाच विचार करत बसले. ती बिचारी गरोदरपणी नारदाच्या आश्रमात राहिली, सगळा उपदेश तिने ऐकला, आणि ज्ञान कुणाला झालं, तर पोटातल्या पोराला. पुढे तोच पोरगा मित्रांना सांगतो की आई ते सगळं विसरली, फार दिवस झाले आणि शिवाय बाईमाणूस. हे वाक्य तुमचे भाऊ दरवर्षी नरसिंह जयंतीच्या प्रवचनात रंगवून सांगतात, लोक हसतात, आणि पहिल्या रांगेत बसून मीही हसत आले. माझ्या हसण्याचा आवाज सगळ्यांत मोठा असायचा, प्रवचनकाराची बायको म्हणून.

यंदा जयंती ११ मेला आहे. अण्णांनी गावच्या नरसिंह मंदिरात सुरू केलेल्या प्रवचनाचं हे एकसष्टावं वर्ष. मी ठरवलंय की यंदा यांच्या शेजारी बैठकीवर वही घेऊन बसायचं आणि कयाधूचा भाग आपण वाचायचा. यांची हरकत नाही. तुमचीही नसावी, म्हणून आधी विचारते आहे.

तुमची
विमल


पालम
२४ मार्च

चि. सौ. विमल हिला आशीर्वाद.

पत्र पोस्टमनने दुकानात दिलं. नागेश फोडणार तेवढ्यात मी हिसकावून घेतलं, त्यामुळे त्याच्याबद्दल काय लिहिलंयस ते त्याला कळलेलं नाही. फोन मात्र अजून स्पीकरवरच आहे.

होलिकेला पाहून माझी आठवण झाली हे वाचून बरं वाटलं. सत्तर वर्षांत मला कुणी पुराणातल्या बाईची उपमा दिली नव्हती. आमचे हे होते तेव्हा ते फार तर कुकरची शिट्टी म्हणायचे.

आता बैठकीचं. विमल, हे मला पटलेलं नाही. अण्णांनी, आमच्या वडिलांनी, हातात कागद न घेता प्रवचन केलं. दत्तूनेही तसंच केलं. दिवस मावळताना, ना दिवस ना रात्र अशा घटकेला गोष्ट बरोबर खांबापाशी आणून सोडायची, गाभाऱ्याचा पडदा सरकायचा आणि गुलाल उधळायचा, हे आपल्या घराचं कसब आहे. त्यात वही आणि चष्मा घेऊन तू मध्ये बसलीस की लोक म्हणतील, मास्तरणीने तास घेतला. आणि आपल्या घरातली बाई त्या बैठकीवर कधी बसलेली नाही. मी बसले नाही तर तू कशाला?

हे शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर वाचलं. खोडणार होते, पण खोडलेलं जास्त दिसतं, म्हणून राहू दिलं.

तुला ठाऊक नाही म्हणून सांगते. अण्णा ओसरीवर दत्तूला पाठ द्यायचे तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दाराआड ज्वारी निवडत असायची. दत्तूला अख्खी कथा पाठ व्हायला उन्हाळा लागला, मला पंधरा दिवस. ती ज्वारीही मी फार स्वच्छ निवडायची, कारण मला उठायचंच नसायचं. अण्णांना शेवटपर्यंत कळलं नाही. तेव्हा कयाधूचं दुःख मला नव्याने शिकवू नकोस. मी तर विसरलेही नाही आणि मला कुणी विचारलंही नाही.

दत्तूला म्हणावं, आवाज जपत जा. कैरीचं लोणचं घातलंय, कुणी येणारं असेल तर पाठवते.

सविता


परभणी
५ एप्रिल

ती. वन्संना नमस्कार.

‘मी बसले नाही तर तू कशाला’ हे वाक्य मी तीनदा वाचलं. शाळेत असते तर लाल शाईने खाली रेघ मारून ‘स्पष्ट करा’ लिहिलं असतं. तुम्ही माझ्यापेक्षा मोठ्या आहात म्हणून पेन्सिलीने मारली.

तुम्हाला पंधरा दिवसांत पाठ झालं हे वाचून मला एक वाटलं, सांगू का? कयाधूही विसरली नसणार. नवरा देवाचं नाव घेणाऱ्याची जीभ हासडणारा. अशा घरात सगळा उपदेश पाठ असलेल्या बाईने काय करावं? ‘मला मेलीला काय आठवतंय’ म्हणावं आणि भाजी चिरायला बसावं. तिने विसरल्याचं सोंग केलं आणि लेकाला ते खरं वाटलं. हे मला सुचलं तेव्हा मी इतकी खूश झाले की भात करपला. म्हणजे या घरात पुराणाचा नवा अर्थ लागला आणि जेवण बाहेरून आणावं लागलं.

बाकी ठीक. पाडव्याला यांना कडुलिंबाचा पाला आणायला पाठवलं तर हे स्टँडवर जाऊन पाथरीच्या एसटीत बसले. कंडक्टर यांच्या पाटबंधारे ऑफिसातल्या मित्राचा मुलगा निघाला, त्याने ओळखून उतरवलं आणि रिक्षात घालून दिलं. पाला नाहीच आणला. म्हटलं लक्ष कुठे असतं हल्ली, तर म्हणाले प्रवचनाचा विचार करायलो होतो. असे तुमचे विद्वान भाऊ.

वही मोठी होत चाललीय. आता नुसता कयाधूचा भाग नाही, अगदी सुरुवातीपासून मोठ्या अक्षरात लिहून काढते आहे. असू द्यावं जवळ.

लोणच्यासाठी माणूस बघते.

विमल


पालम
१४ एप्रिल

चि. विमल,

मागाहून कुणाकडून कळून तुला राग येण्यापेक्षा मीच सांगते. मी रंगनाथला फोन केला.

तू म्हणशील, मंदिर समितीच्या अध्यक्षाला घरातलं सांगायची काय गरज होती. पण तुझ्या पत्रातलं ‘सुरुवातीपासून लिहून काढते आहे’ वाचलं आणि माझं डोकं फिरलं. आधी कयाधूपुरतं शेजारी बसणार होतीस. मग सगळी कथाच तू वाचणार, आणि दत्तूने काय करायचं, मंजिरी वाजवायची? माझ्या भावाला रिटायर करून तू त्या जागी बसायला निघालीस, असं मला वाटलं आणि अजून वाटतं.

रंगनाथ म्हणाला, “अक्का, बरं केलं सांगितलं. बैठकीवर एकटे दत्तोपंत. वही न्हाई, कागद न्हाई, शेजारी कुणी न्हाई. अण्णांची पद्धत मोडायची न्हाई.” एवढं बोलून थांबला असता तर ठीक, पण त्याने गावाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलंही. नागेशच्या मोबाइलवर मी वाचलं. खाली एकोणतीस जणांनी हात जोडलेत.

तुझी कयाधूची कल्पना चांगली आहे हे मी नाकबूल करत नाही. भाजी चिरण्याचं वाचून मला तर हुंदकाच आला, पण मी लगेच रंगनाथला फोन लावला, कारण हुंदका आला की माझं असंच होतं. नागेश म्हणाला, “आई, कशाला करायलीस हे? मामी वाईट वाटून घेईल.” त्याला म्हटलं, मामी समजूतदार आहे.

आहेस ना?

सविता


परभणी
१९ एप्रिल

वन्सं,

मी समजूतदार नाही. म्हणून हे पत्र लांबवत नाही.

यांना विसरण्याचा आजार झाला आहे. दिवाळीनंतर नांदेडला दाखवलं, सगळ्या तपासण्या झाल्या. गोळ्या चालू आहेत, त्यांनी तो हळू होईल, जाणार नाही. जुनं बरंच आठवतं, पण बोलता बोलता धागा सुटतो आणि मग ते तिथेच फिरत राहतात. पाथरीच्या एसटीचा मी तुम्हाला विनोद करून सांगितला. त्या दिवशी दोन तास मी स्टँडवर प्रत्येक गाडीत डोकावत फिरत होते.

कयाधू मला होळीच्या आगीत दिसली हे खरं आहे. पण तिला मी धरून ठेवलं ते यांच्या शेजारी बसायला निमित्त हवं होतं म्हणून. हे अडले की मी वहीतून पुढचं वाचणार आणि लोक म्हणणार, म्हातारपणी मास्तरणीला स्त्रीमुक्तीचं वारं लागलं, नवऱ्याला बोलूच देत नाही. म्हणू देत. त्यांनी मला हसावं, यांना हसू नये, एवढाच माझा बेत होता. एका बाईच्या विसरण्यावर इतके दिवस बोलत होते ते नवऱ्याचं विसरणं झाकायला. लिहिताना माझी मलाच शरम वाटते, पण आहे ते असं आहे. आता तो बेतही राहिला नाही.

तुम्हाला आधी का नाही सांगितलं? यांनी शपथ घातली होती. म्हणाले, “अक्काला सांगू नको. ती अण्णांना सांगेल.”

अण्णांना जाऊन एकोणीस वर्षं झाली, वन्सं.

विमल


पालम
२५ एप्रिल

विमल,

पत्र आलं त्या दिवशी मी जेवले नाही. हे कौतुकाने सांगत नाही. दुसऱ्या दिवशी दोन वेळचं जेवले.

तू मला आगीत पाहिलंस ते चुकीचं होतं. मी आगीतली नाही, काडी लावणारी आहे. भावाचं भलं करायला निघाले आणि त्याच्याच खाली लाकडं रचून आले, वर रंगनाथला म्हटलं, बरं झालं हं.

रंगनाथला पुन्हा फोन केला. म्हटलं, माझा गैरसमज झाला होता, विमलला बसू दे. तो म्हणाला, “अक्का, आता कसं? एकदा गटावर टाकलंय. अध्यक्षाचा शब्द फिरला म्हणतील.” खरं कारण मी सांगितलं नाही. ते गावभर व्हायला तूच नको म्हणत होतीस, आणि माझ्या तोंडाने आधीच पुष्कळ काम केलंय.

आणखी एक सांगते, जे दत्तूशिवाय कुणाला माहीत नाही. अण्णा पाठ घ्यायला बसले आणि दत्तू अडला की तो बोटाने पाटावर दोनदा टकटक करायचा. मी दाराआडून पुढचं वाक्य हळूच सांगायची. अण्णांचा डावा कान अधू होता आणि दार डावीकडे होतं. अण्णा त्याच्या पाठीवर थाप मारायचे आणि मी ज्वारीत तोंड घालून हसायची. त्या थापेचा मला तेव्हा राग येत नव्हता. तो नंतर आला, लग्न झाल्यावर कधीतरी, आणि बहुतेक परवा रंगनाथला फोन करताना तोच बाहेर पडला. इतकी वर्षं ठेवलेला राग, आणि काढला तो तुझ्यावर.

प्रवचनाला त्याला नेलंच नाही तर? ताप आला म्हणून सांगू. तू म्हणशील तसं करू. नाहीतर मी येते.

सविता


परभणी
६ मे

ती. वन्संना नमस्कार.

न्यायचं नाही हे मीही ठरवून पाहिलं. पण हे रोज सकाळी उठून आधी विचारतात, जयंतीला किती दिवस राहिले? मी कोण हे एखाद दिवशी क्षणभर चुकतं, जयंती चुकत नाही. ते धोतर काढून, घडी घालून, पुन्हा ठेवतात. तापाचं सोंग त्यांच्या गळी कसं उतरवू?

अबोलीने पुण्याहून कानात घालायचं एक यंत्र पाठवलं, म्हणजे मी दूर बसून फोनवर सांगायचं आणि यांनी ऐकून बोलायचं. रंगीत तालीम केली. हे चौरंगापुढे बसले, मी आतल्या खोलीतून कुजबुजले, “मग इंद्राने कयाधूला पळवून नेलं.” हे मोठ्याने म्हणाले, “विमल, तू कुठून बोलायलीस? बाहेर ये की.” लेकीचं विज्ञान डब्यात घालून ठेवलं.

आता मुख्य बातमी. परवा मी पडले. माळ्यावरून अण्णांचा प्रवचनातला फोटो काढायला स्टुलावर चढले होते. फोटो काढून अण्णांना चार शब्द सुनवायचा विचार होता. स्टूल सरकलं, घोटा मोडला. प्लॅस्टर आहे, सहा आठवडे पाय खाली टेकवायचा नाही. अण्णा माळ्यावरच आहेत, सुरक्षित.

म्हणजे मी येऊ शकत नाही. यांना रविवारी नागेशच्या गाडीत पाठवते, तुम्हीही त्यातूनच जा. गोळी चारला, बिस्किटाबरोबर. उपरणं उजव्या खांद्यावर, नाहीतर ते दिवसभर बदलत बसतात. पाणी जवळ ठेवा. कुणी ‘ओळखलं का’ म्हणून विचारलं तर तुम्ही आधी त्याचं नाव घेऊन टाका. तुम्ही बायकांत अगदी पुढे बसा, म्हणजे निदान त्यांना तुमचा चेहरा दिसेल. त्यापुढे माझ्याकडे काही उपाय नाही.

चव्वेचाळीस वर्षांत तुमच्या माझ्यात दोन साड्या, एक लग्न आणि आता एक रंगनाथ एवढ्यांवरून वाजलं. ते सगळं बाजूला ठेवते. माझा माणूस तुमच्या हवाली.

विमल


पालम
१४ मे

चि. विमल,

फोनवर नीट सांगता आलं नाही. एकीकडे नागेश, दुसरीकडे तुझ्या मागे बोलत असलेला दत्तू. शिवाय रंगनाथचा फोन तुला आधी गेला होता आणि त्याने काय सांगितलं ते माहीत नाही. माझ्या बाजूने झालं ते असं.

सव्वापाचला दत्तू बैठकीवर बसला. उपरणं उजव्या खांद्यावर, गोळी झाली होती. मी बायकांत पुढे, शेजारी बायनाबाई. आपल्या जुन्या मळ्याशेजारच्या, आता ऐंशीच्या. पहिला पाऊण तास तुझ्या नवऱ्याने असं सांगितलं की मला अण्णांचा भास झाला. हिरण्यकश्यपू तपाला गेला, इंद्राने कयाधूला पळवलं, नारद आडवा आला. आणि मग इंद्राने पुन्हा कयाधूला पळवलं. लोकांना वाटलं, ठसवून सांगायलेत. तिसऱ्यांदा पळवलं तेव्हा मागे चुळबुळ झाली. एक पोरगं हसलं. रंगनाथ घड्याळ बघायला लागला. दिवस मावळायला पंचवीस मिनिटं आणि कयाधू अजून रस्त्यात.

दत्तू थांबला. चेहरा कोरा झाला. मी तुझ्यासारखी धीराची नाही, मला तिथून पळून जावंसं वाटलं. आणि त्याने माझ्याकडे मान वळवली, विमल, आणि चौरंगावर बोटाने दोनदा टकटक केलं.

साठ वर्षांनी. माझ्या तोंडातून पुढचं वाक्य आपोआप गेलं, पण हळू, दाराआडून जावं तसं. माईकला काय ऐकू येणार? मागून कुणीतरी ओरडलं, मोठ्यानं सांगा. बायनाबाईंनी मला कोपराने ढोसलं. “बाई, येतंय तर वर जाऊन सांगा की. हितं माईक न्हाई.” रंगनाथ उठला, तोंड उघडलं. बायनाबाई त्याला म्हणाल्या, “रंगनाथराव, बसा खाली. देवाला उशीर हुयलाय.” तो बसला. गटावर नियम करणं वेगळं आणि बायनाबाईंसमोर उभं राहणं वेगळं.

मी चढले. गुडघे वाजले ते माईकने सगळ्या गावाला ऐकवले. दत्तू सरकला, जागा केली आणि लहानपणी हसायचा तसा हसला. म्हणाला, “सांग अक्का.”

मी तुझी कयाधू सांगितली. भाजी चिरणारी, विसरल्याचं सोंग करणारी. बायका हसल्या, मग हसता हसता गप्प झाल्या. तिथून थेट खांबापाशी जायचं होतं, वेळ तेवढीच होती. पण वाटेत होलिका आली आणि मला तिला नुसती ओलांडून जाता येईना. अण्णा सांगायचे, तिच्या अंगावर न जळणारी शाल होती, वारा आला, शाल उडून प्रल्हादावर पडली आणि दुष्ट आत्या जळली. मी म्हटलं, वारा नव्हता. आदल्या दिवशी कयाधू नणंदेकडे आली होती. दोघींचं बोलणं बंद होतं, साड्यांवरून असेल, कशावरून असेल. ती एवढंच म्हणाली, वन्सं, माझं माणूस तुमच्या हवाली. दुसऱ्या दिवशी भावाच्या हुकुमाने होलिका पोराला मांडीवर घेऊन बसली, आणि आग लागल्यावर तिने स्वतःच्या हाताने शाल काढून त्याच्यावर घातली. लिहिणाऱ्यांनी वारा लिहिला, कारण असं करायला बाईला स्वतःचं मन असावं लागतं.

तुझी परवानगी न घेता तुझं वाक्य वापरलं. पण मला दुसरं सुचलं नसतं, आणि ते वाचल्यापासून माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

मला रडू आलं, ते आवरेपर्यंत वेळ गेला, मग पाणी प्यायले, त्यातही गेला. खांबापाशी पोचले तेव्हा बाहेर चक्क अंधार पडला होता. रंगनाथने नंतर सांगितलं, तेरा मिनिटं उशीर. एकसष्ट वर्षांत पहिल्यांदा. माझ्यामुळे नरसिंहाला तेरा मिनिटं खांबात अवघडून उभं राहावं लागलं. या पापाला काय प्रायश्चित्त ते तुला माहीत असेल तर कळव.

दत्तू शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसला होता. पडदा सरकला तेव्हा मी हात जोडले आणि त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. अण्णा मारायचे तशी. मग त्याने मला हळूच विचारलं, “अक्का, आता अण्णांना कळलं असेल का गं?” मी म्हटलं, कळू दे.

पन्हं गोड झालं होतं. तुझ्या वाटचं मी प्यायले.

सविता


परभणी
२२ मे

ती. वन्संना, आडव्या पायाने नमस्कार.

रंगनाथरावांनी मला फोनवर काय सांगितलं ते ऐका. “वहिनी, अक्कांनी टाइम चुकवला, पण पुढच्या वर्षी जरा लवकर सुरू करू.” मी विचारलं, म्हणजे पुढच्या वर्षी कोण? तर म्हणाले, आधी गटावर टाकतो, मग सांगतो. एवढा समंजस माणूस त्यांच्यात असेल असं मला वाटलं नव्हतं. मला माझ्याबद्दलही पुष्कळ काही वाटलं नव्हतं.

तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं. शालीपाशी आले तेव्हा मी अडले. यांनी पत्र हातातून घेतलं आणि उरलेलं स्वतः मोठ्याने वाचलं, न अडता. मग विचारलं, हे कुणाचं पत्र आहे? सांगितलं. म्हणाले, छान लिहिते. मला हसू आलं आणि मग हसू थांबल्यावर मी पाकिटावर मोठ्या अक्षरात तुमचं नाव लिहून ठेवलं. तुमच्यापासून आता काही लपवत नाही, म्हणून हेही सांगितलं.

वहीत तुमची होलिका जशीच्या तशी उतरवून घेतली आहे. वारा खोडला. खोडलेलं जास्त दिसतं म्हणालात ना, म्हणून मुद्दाम.

यांना तुम्हाला दोन ओळी लिहायच्या आहेत, पेन त्यांच्याकडे देते.

विमल

*अक्का, पुढच्या वर्षी बैठकीवर तू बस. मी दाराआड बसतो. अडलीस तर दोनदा टकटक कर. दत्तू*

ता. क. पाकीट चिकटवायला घेतलं तेव्हा पाहिलं, यांनी पानाच्या मागच्या बाजूलाही हेच लिहिलंय, शब्दाला शब्द. एकदा लिहिल्याचं विसरले. मी मागची बाजू खोडणार होते, पण तसंच पाठवते आहे. निरोप दोनदा आलाय, वन्सं. आता पुढचं तुम्ही सांगायचं.